पाचवी चांदणी

"शेटेबाई, खोटं बोलायला माणसं पाहिजेत. कुठं मिळतील?"

अर्ध्या इंचाचे नटबोल्ट संपलेत, असं सांगावं त्या आवाजात अण्णा चौगुल्यांनी मला हे विचारलं. मी चष्मा कपाळावर ढकलला आणि म्हणाले, "आपल्या सांगलीत? गेटाबाहेर उभे राहा, चहा होईपर्यंत दहा मिळतील. तीही फुकट."

"फुकटची नकोत. लिहून देणारी पाहिजेत."

कुपवाडच्या एमआयडीसीत अण्णांची शेड होती. तिथं 'पद्मा घरघंटी' तयार व्हायची. घरच्या घरी दळण दळायची विजेची गिरणी, छोट्या कपाटाएवढी, समोरून गुलाबी. मी तिथं ऑफिस सांभाळायची, म्हणजे फोन, पत्रव्यवहार आणि अण्णांचा राग. पहिल्या दोन गोष्टींचा पगार मिळायचा.

माणूस मोठा होता, सगळ्या अर्थांनी. सहा फुटांच्या वर उंची, हाताचे पंजे फावड्यासारखे. घरघंटीचा पहिला नमुना त्यांनी स्वतःच्या हातांनी पत्रा कापून केला होता आणि त्याला बायकोचं नाव दिलं होतं. शेडवर हातभर अक्षरांत पाटी होती, 'पद्मा'. एक काळ असा होता की दुकानदार आगाऊ सांगून ठेवायचे. मग लोक फोनवर बघून वस्तू घ्यायला लागले आणि आमच्या शेडमध्ये तयार मालाच्या खोक्यांची भिंत उभी राहिली.

अण्णांचा मुलगा सन्मती पुण्यात कॉम्प्युटरमध्ये होता. त्यानं एका रविवारी येऊन बापाला दोन गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे, फोनवर इतर घरघंट्यांखाली हजार हजार गिऱ्हाइकांचे अभिप्राय आहेत आणि आपल्याखाली तीन, त्यातला एक सख्ख्या मामाचा. तेव्हा चार लिहिणारी माणसं लावा, सगळेच लावतात. दुसरी, दिवाळीपर्यंत माल हलला नाही तर शेड प्लॅस्टिकच्या क्रेटवाल्याला भाड्यानं द्या. तो माणूस तयार आहे आणि नियमितपणे फोन करतो.

अण्णा त्यावर मुलाशी भांडले नाहीत, यावरूनच मला काळजी वाटली. तो गेल्यावर मला एवढंच म्हणाले, "क्रेटवाल्याला पाटीवर त्याचं नाव लागंल ना ओ. मग पद्माचं उतरवायचं कुणी? मी?"

पद्माकाकूंबद्दल इथं सांगायलाच हवं. काकू अण्णांच्या शर्टाच्या खिशापर्यंत यायच्या, खिशात पेन असलं तर पेनाच्या टोपणापर्यंतही नाही. गोऱ्या, गोल, आणि बोलण्यात अशा की समोरच्याला चिमटा बसलेला घरी गेल्यावर कळावा. पण सगळ्या गावाला त्यांच्याविषयी एक गोष्ट ठाऊक होती. घरघंटीवर ज्यांचं नाव, त्या बाई दर आठवड्याला डबा कमरेवर घेऊन नाक्यावरच्या गिरणीत दळायला जात. दुकानदार अण्णांना मुद्दाम विचारायचे, काय अण्णा, तुमच्या घरी कुठल्या कंपनीची? अण्णाही हसून म्हणायचे, तिला पीठ नको असतंय, गप्पा पाहिजे असत्यात. मलाही ते पटलेलं होतं. नवऱ्याच्या कारखान्याला नावं ठेवण्यापेक्षा गप्पांचं कारण सोयीचं आणि सभ्य होतं.

तर खोटं लिहिणारी माणसं शोधायचं काम माझ्याकडे आलं. लोणचं कुणाचं चांगलं हे जसं आपण विचारतो तसं मी चार ठिकाणी विचारलं आणि तिघं मिळाले.

पहिला पुण्याचा. तो फोनवर इतका गोड बोलला की मी लगेच त्याला एक नमुना पाठवायला सांगितलं. त्यानं पाठवलं, 'या घरघंटीने माझे संपूर्ण आयुष्य बदलून गेले.' अण्णांनी वाचून कागद माझ्याकडे सरकवला. म्हणाले, याचं आयुष्य काय तुंबलं होतं काय? घरघंटीनं पीठ होतंय, बाकी काय होत न्हाई.

दुसरे अण्णांचे शाळेतले कुलकर्णी गुरुजी, निवृत्त होऊनही दमलेले नव्हते. त्यांनी जात्यापासून सुरुवात करून, धान्याचं माहात्म्य, स्त्रियांचे कष्ट असा प्रवास करत शेवटच्या ओळीत घरघंटीला हात लावला आणि खाली 'एक समाधानी गृहिणी' अशी सही केली. गुरुजींना नाही म्हणायची अण्णांची छाती नव्हती. तो निबंध तेवढा लागला. अजूनही आहे तिथं. चार जणांना उपयुक्त वाटल्याचं खाली लिहून येतं.

तिसरी नीलोफर मुजावर, मिरजेची. लग्नपत्रिकांचा मजकूर, दुकानांच्या उद्घाटनाची पत्रकं, पुढाऱ्यांची वाढदिवसाची भाषणं, असं जे मिळेल ते लिहायची. पंचविशीची, ओढणी नीट, नजर त्याहून नीट. ती ऑफिसात आली, अण्णांचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, आधी वस्तू चालताना बघेन.

"खोटंच लिहायचं हाय की," अण्णा म्हणाले. "बघायचंय कशाला?"

"खरं लिहिणाऱ्याचं न बघता भागतं, काका. त्याचं त्याला माहीत असतं. खोटं लिहिणाऱ्याला सगळं बघून घ्यावं लागतं."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी वहीत पाहिलं. हिशेब बरोबर होता.

तिनं आणखी एक अट घातली. प्रत्येक अभिप्रायात एक तक्रार असणार. अण्णा भडकले, पैसे देऊन तक्रारी लिहून घ्यायच्या? ती शांतपणे म्हणाली की आपल्या लोकांत नुसतं चांगलं कुणी म्हणत नाही. लग्नात चौथी जिलबी खाऊन हात धुताना 'मठ्ठा जरा आंबट होता' म्हणतात, ते खरे पाहुणे. बिनतक्रारीचं कौतुक करतो तो मामा. मामाचा उल्लेख तिनं सहज केला, की आमचे तीन अभिप्राय वाचून आली होती, ते मला आजही सांगता येणार नाही.

शेडमध्ये घरघंट्या खोक्यांत बंद होत्या, आणि तिला घरातली चालती बघायची होती. मग मीच म्हणाले, अण्णांच्या घरी जा, विश्रामबागेत, काकू आहेत. अण्णांनी मान हलवली आणि ते विसरून गेले. ते तेव्हा दुकानदारांच्या मागे फिरत होते.

ती त्या दिवशी सकाळी गेली. दुपारी मी काकूंना सहज फोन केला तर त्या म्हणाल्या, अगं ती पोर इथंच आहे, आत्ता जेवली. संध्याकाळी परत फोन केला तर चहा चालू होता. मला वाटलं, गप्पा. काकूंचं आणि गप्पांचं मी असं पक्कं खातं घालून ठेवलं होतं की दुसरीकडे काही टाकायचं सुचलंच नाही.

आठवड्यानं नीलोफर कागद घेऊन आली. अण्णा माझ्या खुर्चीमागे उभे राहून वाचायला लागले. त्यांना मोठ्यानं वाचायची सवय होती, मशीनच्या आवाजात आयुष्य गेलेलं.

पहिला अभिप्राय नांदेडच्या कालिंदीबाईंचा. पीठ मऊ येतं, भाकरी टम्म फुगते, रंगही छान. फक्त धान्य टाकायला पाटावर चढावं लागतं.

"बरं," अण्णा म्हणाले. "एवढं चालतंय."

दुसरा रत्नागिरीच्या एका शिक्षिकेचा. आंबोळीचं पीठ उत्तम. आवाज आहे, पण शेजारीण बहिरी असल्यामुळे त्रास नाही. अण्णा हसले. पुढे लिहिलं होतं, 'धान्य वरून ओतावं लागतं आणि माझा हात पोचत नाही. मुलगा कॉलेजातून आला की दळण.'

तिसरा धुळ्याचा. कळण्याच्या भाकरीचं पीठ अगदी पाहिजे तसं. 'वरचं झाकण उघडलं की आत काय चाललंय ते मला दिसत नाही. आमच्याकडे यांना दिसतं. हे उंच आहेत.'

अण्णा थांबले. कागद चाळून चौथा, पाचवा वाचला, आता मनातल्या मनात. मग नीलोफरकडे वळले.

"मुली, नांदेडची बुटकी. रत्नागिरीची बुटकी. धुळ्याची बुटकी. ही परभणीची, ही पण बुटकीच. महाराष्ट्रात एक बाई उंच न्हाई?"

मला हसू आलं होतं, पण नीलोफर हसली नाही, म्हणून मीही ते परत आत घेतलं.

"नावं मी बनवली, काका," ती म्हणाली. "गावं पण बनवली. तक्रारी मात्र मला बनवायला लागल्याच नाहीत. मी जिथं बघितलं तिथं विचारलं, कशी वाटते घरघंटी? त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि आधी पाणी दिलं. मग म्हणाल्या, मला हे अजून कुणी विचारलं नव्हतं."

अण्णांनी "कुठं बघितलंस?" असं विचारलं नाही. त्यांना आठवलं असणार. मी विचारायला तोंड उघडलं आणि मला आठवलं, तिला विश्रामबागेत मीच पाठवलं होतं. हातात शेवटचा कागद उरला होता, तो त्यांनी वाचला, आणि तो मात्र हळू आवाजात. मशीन बंद असतानाच्या आवाजात.

"'घरघंटी आली त्याच दिवशी मी पाटावर चढून जोंधळा ओतायला गेले आणि घसरले. डबाभर जोंधळा घरभर. पाय मुरगळला. हे यायच्या आत सगळा झाडून भरला. यांना सांगितलं नाही, कारण त्या दिवशी हे फार खुशीत होते. संध्याकाळी मला पाटी दाखवायला घेऊन जाणार होते. त्यानंतर दळण नाक्यावर. बाकी घरघंटी चांगली आहे. एक गृहिणी, सोलापूर.'"

शेडमधून कुणीतरी पत्र्यावर हातोडा मारत होतं.  अण्णांनी आधीच स्वच्छ असलेला चष्मा काढून शर्टाला पुसला.

"त्या दिवशी ती लंगडत होती," ते म्हणाले. "मी म्हटलं, नवीन चप्पल घालून कशाला आलीस."

ते शेडमध्ये गेले. मला वाटलं, आता पाणी पितील, ओरडतील, काहीतरी आपटतील. ते मोजायची टेप घेऊन परत आले आणि मला म्हणाले, शेटेबाई, उभ्या राहा. एका घरघंटीशेजारी मला उभं केलं आणि भरला डबा उचलून वरून ओतायला लावला. मग नीलोफरला. मग पॅकिंगच्या तिघी बायकांना बोलावलं. त्या ओळीत उभ्या राहून एकमेकींना ढोसत होत्या, की साहेब पोलीस भरती करतात की काय. भरल्या डब्यासकट आमच्यातल्या एकीचाही हात झाकणाच्या वर सरळ जात नव्हता. पहिला नमुना करताना अण्णांनी माप घ्यायला कुणालाच बोलावलं नव्हतं. स्वतः उभे राहिले होते, जिथं हात सोयीनं पोचला तिथं खूण केली होती, आणि पुढची सगळी वर्षं तीच खूण कापली जात होती.

"चला," मला म्हणाले, "घरी जायचंय."

मी कशाला, असं विचारलं. ते म्हणाले, मी काय बोललो हे नंतर तिनं वाढवून सांगितलं तर एक साक्षीदार पाहिजे.

विश्रामबागेतल्या त्या घरात मी कितीदा चहा प्यायले असेन. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात काहीतरी गुलाबी असायचं, त्यावर क्रोशाचं पांढरं झाकण, त्यावर टेलिफोन, त्याच्याशेजारी पितळी फुलदाणी. ती घरघंटी आहे, हे मला माहीत होतं आणि मला कधी दिसलं नव्हतं.

काकू लसूण सोलत होत्या. अण्णांनी काही न बोलता फुलदाणी उचलली, टेलिफोन उचलला, झाकण काढलं, घडी घालायचा प्रयत्न केला आणि ते माझ्या हातात दिलं.

"फोन कुणाला करायचा होता तर हलवायला कशाला पाहिजे?" काकू म्हणाल्या.

"उठ जरा. इथं उभी राहा."

काकू लसणाचे हात पदराला पुसत आल्या. अण्णांनी टेप सोडली आणि जमिनीपासून त्यांच्या कोपरापर्यंत माप घेतलं.

"काय शिवताय?"

"कोपर वाकव."

"लग्नाला इतकी वर्षं झाली, ब्लाउजचं माप आत्ता आठवलं? तेही कोपराचं."

अण्णांनी खिशातला खडू काढला आणि काकूंच्या कोपराच्या उंचीवर घरघंटीच्या अंगावर आडवी रेघ मारली. वर बराच भाग उरला होता. ते त्या उरलेल्या भागाकडे बघत राहिले. मग बायकोकडे न बघता म्हणाले,

"पाय फार दुखला होता काय गं?"

काकूंनी आधी माझ्याकडे पाहिलं. मी क्रोशाच्या टाक्यांकडे. त्यांना कळलं की त्या पोरीनं सगळंच लिहिलं. त्यांनी खाली बसून लसणाची पाकळी उचलली.

"एवढा न्हाई. जोंधळाच फार सांडला होता."

"सांगायचं की."

"कधी सांगू? पाटी बघताना? तुम्ही तिथं उभं राहून मला अक्षर अक्षर वाचून दाखवत होता, जसं काय मला माझं नावच वाचता येत न्हाई. त्या तोंडाला सांगू, की ओ, ही उंच झालीय म्हणून?"

"मग दुसऱ्या दिवशी."

"दुसऱ्या दिवशी तुम्ही विचारलं असतं तर."

साक्षीदार म्हणून मी हेही नोंदवून ठेवलं.

नीलोफरचे कागद फोनवर गेलेच नाहीत. अण्णांनी तिला ठरल्याप्रमाणे सगळं दिलं, आणि ते कागद आपल्या कपाटात पाटीच्या उद्घाटनाच्या फोटोशेजारी ठेवले. सन्मतीला फोन करून सांगितलं, क्रेटवाल्याला संक्रांतीपर्यंत थांबव. सन्मती म्हणाला, तो थांबणार नाही. अण्णा म्हणाले, मग अर्धी शेड दे त्याला, उरलेल्या अर्ध्यात मी मावतो. अण्णा मावतील हे मला पटलं नव्हतं, पण मावले.

दिवाळीच्या धामधुमीत जेव्हा इतर कारखाने माल विकत होते, तेव्हा आमच्याकडे तयार माल परत उघडून कापला जात होता. अडचण अशी की उंची कमी केली की पिठाचा डबा ठेवायला खाली जागाच उरत नव्हती. अण्णांनी तीन नमुने केले आणि तिन्ही स्वतःच शिव्या देऊन मोडले. चौथ्या वेळी त्यांनी पिठाचा डबा खालून काढून बाजूला घेतला. घरघंटी बुटकी आणि रुंद झाली. मला ती पाहताक्षणी कुणाची तरी आठवण झाली, पण मी नोकरीत होते.

प्रत्येक नमुना आधी विश्रामबागेत जायचा. काकू दळायच्या आणि अण्णा दारात उभे राहून विचारायचे, "जमलंय काय गं?" काकू कधी म्हणायच्या आवाज, कधी म्हणायच्या पीठ तापतंय, कधी नुसतं "हं". हा 'हं' घेऊन अण्णा कारखान्यात यायचे आणि दिवसभर त्याचा अर्थ काढत बसायचे.

संक्रांतीला नवी घरघंटी बाजारात गेली. रांगा लागल्या असं म्हणणार नाही. पण खोक्यांची भिंत हळूहळू खाली आली, मग त्या भिंतीपलीकडचं माणूस दिसायला लागलं, आणि पुढच्या दिवाळीला तिथं नुसती जागा होती. पाटी तिथंच राहिली. तिच्याशेजारी क्रेटवाल्याची लागली, जरा खाली.

फोनवर खरे अभिप्राय यायला लागले तेव्हा नीलोफरनं काकूंना ते कसं लिहायचं ते शिकवलं. तिचं आता विश्रामबागेत येणं-जाणं झालं होतं. आमचं माहितीपत्रकही तीच लिहायची, आणि त्यात एक तक्रार घालायचा आग्रह अजून सोडत नव्हती. काकूंनी स्वतःचं पूर्ण नाव घातलं, सौ. पद्मावती भूपाल चौगुले, आणि लिहिलं, 'वाईट नाही. हात पोचतो.' खाली पाचातल्या चार चांदण्या.

अण्णा तो फोन घेऊन माझ्यासमोर आले. "ह्या चारच का? पाचवी कुठं हाय?"

मी म्हणाले, घरी विचारा.

त्यांनी विचारलं. मी त्या दिवशी तिथं होते, यावेळी हळदीकुंकवाला. काकू वाटीत तिळगूळ भरत होत्या. म्हणाल्या, "ती तुमच्याकडंच हाय. विचारायला उशीर केला, त्याची कापली."

या गोष्टीला आता आठ वर्षं झाली. मी नोकरी सोडली, अण्णांचे गुडघे गेले, शेड सन्मती बघतो. पण दर दळणाला अण्णा अजून स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसतात आणि विचारतात, आज कसं झालं? काकू काहीतरी काढतातच. बाजरी जाड राहिली. झाकण कुरकुरतंय. परवा तर म्हणाल्या, गुलाबी रंगाचा कंटाळा आला. अण्णांनी ते मनावर घेतलंय.

परवा मी गेले होते तेव्हा अण्णा आतल्या खोलीत आडवे झाले होते. मी फोन काढून पाहिलं, काकूंचा अभिप्राय तसाच आहे, चार चांदण्यांचा. मी त्यांना हळूच म्हणाले, काकू, आता द्या की ती पाचवी. केवढं केलंय त्यांनी.

काकूंनी आतल्या खोलीकडे एकदा पाहून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"द्यायला काय गं. पण दिली की विचारायचे थांबतील."